‘खेडे शांत असते’

दुसरीच्या वर्गात ‘शहर आणि खेडे’ शिकवायला घेतले की मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढत असे. डावीकडे खेडे, उजवीकडे शहर. मुले हात वर करून एकेक शब्द सांगत आणि मी तो त्या त्या बाजूला लिहीत जाई; झाडे, विहीर, बैल, पायवाट एका रकान्यात आणि इमारती, वाहने, सिग्नल, लिफ्ट दुसऱ्या रकान्यात. रकाने भरले की त्या शब्दांची वाक्ये करायची, ती मोठ्याने वाचायची, मग वहीत उतरवून नामांखाली रेघ मारायची आणि विशेषणांभोवती गोल करायचा. वाचन, लेखन आणि व्याकरण एकाच तासात बसते म्हणून हा पाठ मला आवडत असे. मुलांनाही तो आवडे, कारण सगळी उत्तरे त्यांना आधीच ठाऊक असत.

एका वर्षी सहामाहीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. ती खेड्यातून आली होती आणि वाचनात वर्गाच्या थोडी मागे होती, म्हणून मी तिला मुद्दाम पुढे बसवून वाचायला सांगत असे. त्या दिवशी फळ्यावरचे ‘खेडे शांत असते’ हे वाक्य ती अक्षरांखाली बोट सरकवत वाचू लागली आणि ‘शांत’पाशी थांबली. अनुस्वार अडला असेल असे वाटून मी तो शब्द फोडून दिला. ती म्हणाली, “वाचता येतंय बाई, पण आमच्याकडे रात्री आवाजानं झोप लागत नाही.” कसला आवाज, असे विचारल्यावर तिने बोटांवर मोजत सांगितले: बेडूक, रातकिडे, पाण्याचा पंप, एकाने सुरुवात केली की भुंकणारी सगळी कुत्री, आणि पाऊस आला की वाजणारा पत्रा. मग थोडे थांबून म्हणाली, “इथंच शांत आहे. खिडकी लावली की काही ऐकूच येत नाही.”

मी तिला म्हटले, “बरोबर आहे बाळा, पण पाठात तसं लिहिलंय ना, आपण तेच वाचूया.” तिने ते वाचले. आठवडाभराने लेखी चाचणीत ‘खेडे ______ असते’ या रिकाम्या जागेत तिने सुवाच्य अक्षरात ‘शांत’ लिहिले आणि मी तिला पूर्ण गुण दिले. त्या गुणांचे मला आजही वाईट वाटते. वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलीला छापलेले वाक्य आपल्या कानांपेक्षा खरे मानायचे असते, हा धडा मी तिला त्या दिवशी दिला होता, आणि तो तिने पहिल्याच प्रयत्नात आत्मसात केला होता.

तिच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली. पाठात होते ‘शांत असते’. ती म्हणाली होती ‘शांत आहे’.

मराठी बोलणाऱ्या मुलाला या दोन क्रियापदांतला फरक शाळेत यायच्या आधीपासून कळतो. ‘आजी रागावलेली आहे’ आणि ‘आजी रागावलेली असते’ या दोन वाक्यांतल्या आज्या अगदी वेगळ्या आहेत. पहिलीपाशी संध्याकाळपर्यंत जाता येईल, दुसरीपाशी जाताना रोजच विचार करावा लागेल. ‘बाबा घरी आहेत’ म्हणजे आत्ता, हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ. ‘बाबा रविवारी घरी असतात’ ही घराची रीत झाली. चार वर्षांचे मूलही यात गफलत करत नाही, आणि म्हणूनच खालच्या वर्गांत हा फरक कोणी शिकवत नाही. शिकवण्याची गरजही नाही. पाठ लिहिणाऱ्याने आणि तो शिकवणाऱ्याने मात्र तो विसरता कामा नये, कारण ‘आहे’ एका वस्तूविषयी, एका वेळेविषयी बोलते आणि डोळ्यांनी पडताळता येते, तर ‘असते’ नियम सांगते. बर्फ थंड असतो, कोळसा काळा असतो, चौकोनाला चार बाजू असतात. त्याच ठेक्यात आपण मुलांना पुढे सांगत जातो की शेतकरी कष्टाळू असतो, खेड्यातील लोक साधेभोळे असतात आणि शहरातील लोक नेहमी घाईत असतात. चौकोनाच्या बाजूंना जे क्रियापद शोभते, ते माणसांच्या स्वभावाला लावताना हात अडखळायला हवा. माझा कधी अडखळला नव्हता. त्या पाठासाठी मीच तयार केलेला सरावाचा कागद मी पुन्हा काढून पाहिला, तेव्हा बारा वाक्यांपैकी अकरा वाक्ये ‘असतो-असते-असतात’वर संपत होती.

हे केवळ शब्दांचे कोडकौतुक नाही, याची खात्री मला एका अभ्यासाने दिली. मार्जोरी ऱ्होड्स, सारा-जेन लेस्ली आणि क्रिस्टिना ट्वोरेक या अमेरिकेतील संशोधकांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ‘झार्पी’ नावाचा एक काल्पनिक समाज रचला. त्यात सगळ्या रंगारूपाची आणि वयाची माणसे होती. या माणसांची चित्रे असलेले एक पुस्तक त्यांनी चार वर्षांच्या मुलांना आणि काही प्रौढांनाही वाचून दाखवले. प्रत्येक पानावर एकच माणूस आणि त्याचा एखादा विशेष. काहींना ते पुस्तक ‘झार्पी किड्यांना घाबरतात’ या धाटणीच्या वाक्यांत वाचून दाखवले, तर काहींना ‘हा झार्पी किड्याला घाबरतो’ या धाटणीत. चित्रे तीच, गुणही तेच. ज्यांनी सरसकट वाक्ये ऐकली, त्यांची समजूत अशी होऊ लागली की झार्पी असणे ही जन्मजात गोष्ट आहे, आणि झार्पीचे मूल दुसऱ्या कोणी वाढवले तरी ते झार्पींसारखेच वागणार. पुढच्या टप्प्यात असेही आढळले की पालकांच्या मनात हा समज रुजवला की मुलांशी बोलताना त्यांच्याही तोंडी सरसकट वाक्ये अधिक येतात. म्हणजे समज वाक्यातून मुलाकडे जातो आणि मोठ्यांच्या मनात तो असला की त्याचीच पुन्हा वाक्ये होतात. तो अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्यांचा होता, आणि इंग्रजीला हा भेद कर्त्याच्या रूपावर सोपवावा लागतो. आपल्याकडे तर तो क्रियापदातच बसलेला आहे, कानाला स्पष्ट ऐकू येणारा. साधन आपल्या हाती अधिक धारदार आहे, तेव्हा ते जपून वापरण्याची जबाबदारीही आपली अधिक आहे.

फळ्यावरच्या त्या रेघेला आणखी एक आधार होता, तो विरुद्धार्थी शब्दांचा. लांब आणि आखूड, दिवस आणि रात्र, शहर आणि खेडे ही जोडी आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. पण लांब आणि आखूड ही एकाच मापाची दोन टोके आहेत, आणि जिवंत व मृत यांत एक असेल तर दुसरे नसते. शहर आणि खेडे यांच्यात यांपैकी कोणता संबंध आहे? झाडाला किंवा नदीला आपण विरुद्धार्थी शब्द विचारत नाही, कारण वस्तूला उलटी बाजू नसते. मग वस्तीलाच ती का असावी? विरुद्धार्थी शब्द शिकवणे उपयोगाचे आहे, त्याने विशेषणांची जाण पक्की होते. परंतु ही एक जोडी त्या यादीत घुसली की पुढची सगळी विशेषणे आपोआप दोन गटांत पडतात. खेडे शांत, म्हणून शहर गोंगाटाचे. खेड्यात हवा स्वच्छ, म्हणून शहरात घाण. मूल मग बघून सांगत नाही, उलटे करून सांगते, आणि ते बरोबरही ठरते.

कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक न्यूरेंबर्ग येथे 1658 मध्ये लॅटिन आणि जर्मन भाषांत निघाले. मुलांच्या चित्रमय पाठ्यपुस्तकांचा तो आरंभ मानला जातो. त्याची अक्षरओळखच आवाजांची आहे: कावळा ‘आ आ’ करतो, कोकरू ‘बे’ करते, बदक-हंसांच्या कुळातला पक्षी ‘गा गा’ करतो, वारा ‘फी फी’ वाहतो आणि तान्हे मूल ‘ए ए’ रडते. अक्षर आधी कानाने घ्यायचे आणि मग डोळ्याने, हे त्याने मनावर घेतले होते. पण माझे लक्ष वेधले ते त्यातल्या शहराच्या पानाने. त्या पानाचा आरंभ असा आहे की पुष्कळ घरांपासून खेडे होते, किंवा गाव, किंवा शहर. एकाच वाक्यात तिन्ही, आणि त्यांचे क्रियापद ‘होणे’. घरे वाढत गेली की काय होते ते त्याने सांगितले; कोण कशाच्या विरुद्ध आहे, हे त्याने सांगितलेच नाही.

मोजणी करणाऱ्यांनाही अखेर असेच काहीसे करावे लागले. शहर कशाला म्हणायचे याची व्याख्या देशागणिक निराळी असल्यामुळे आकडे एकमेकांशी ताडता येत नसत. म्हणून 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने एका समान पद्धतीला मान्यता दिली, आणि तिच्यात प्रकार तीन आहेत. जिथे दर चौरस किलोमीटरला किमान 1500 माणसे आणि एकूण किमान 50,000 वस्ती आहे ते शहर; जिथे दर चौरस किलोमीटरला किमान 300 आणि एकूण किमान 5,000 आहेत तो मधला प्रकार; आणि उरलेला तो ग्रामीण भाग. या मधल्या प्रकाराला माझ्या फळ्यावर जागाच नव्हती. त्या प्रकारच्या वस्तीत राहणारी मुले माझ्या वर्गात दरवर्षी असणार, आणि त्यांनी आपल्या घराजवळची डांबरी सडक आणि तिच्या पलीकडची शेते यांतले कोणते शब्द गिळून टाकले असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता.

खरे तर मराठीला ही रेघ कधीच मान्य नव्हती. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाला एखाद्या महानगराचे नाव सांगितले तर कोणी दचकत नाही. ‘ते गावाला गेले आहेत’ म्हणजे ते घरी नाहीत, प्रवासाला गेले आहेत, मग ते दाट लोकवस्तीच्या शहरात का गेलेले असेनात. ‘परगावी’ शब्दात शहर सामावते आणि ‘ही बातमी गावभर झाली’ असे आपण शहरातल्या बातमीविषयीही म्हणतो. लिंगाच्या बाबतीतही या शब्दाने स्वतःला बांधून घेतलेले नाही. ‘तो गाव’ही चालतो आणि ‘ते गाव’ही चालते. ‘खेडे’ आणि ‘शहर’ मात्र निमूटपणे नपुंसकलिंगी राहतात.

सप्तमी शिकवताना मला याहून गोड गोष्ट सापडली. सप्तमीचे प्रत्यय आपण ‘त, ई, आ’ असे घोकतो, पण त्यातला ‘ई’ आजच्या बोलण्यात थोड्याच शब्दांना लागतो. घरी, दारी, गावी. कवितेत रानी आणि वनी. मुलांना मी विचारले की ‘मी गावी गेले’ म्हणतो, मग ‘मी शहरी गेले’ का म्हणत नाही? वर्ग हसला, कारण कानाला ते खटकले. ‘शहरी’ शब्द आपल्याकडे आहे, पण तो विशेषण आहे. शहरात जाताना ‘शहरात’ किंवा ‘शहराला’ असेच म्हणावे लागते. ‘शहर’ हा शब्द फारसीतून आला आणि ‘गाव’ संस्कृत ‘ग्राम’पासून झिजत आला, जो ‘ई’ घराला आणि गावाला लागतो, तो या पाहुण्या शब्दाला लागला नाही. एका मुलाने लगेच विचारले की ‘शाळी’ का म्हणत नाहीत, आणि त्यावर उरलेला तास गेला. असे तास मला फार मोलाचे वाटतात. नियम हाताशी आणि कान जागे, असे एकाच वेळी क्वचितच घडते.

वाचनाच्या बाजूनेही या दोन शब्दांत गंमत आहे. ‘शहर’ या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. तीन सुटी अक्षरे ओळखता आली की मूल तो शब्द वाचते. ‘गाव’ला एक काना लागतो. ‘खेडे’ला दोन मात्रा लागतात, आणि त्या शब्दात शिरायचे म्हटले, ‘खेड्यात’ म्हणायचे म्हटले, की सामान्यरूप होऊन थेट जोडाक्षर पुढे येते. त्यामुळे पहिलीतले मूल शहर वाचू लागते तेव्हा खेडे त्याच्यापासून अजून काही महिने लांब असते. खेड्यातून आलेले मूल आपल्याच वस्तीच्या नावाशी अडखळते, आणि आपण त्याला वाचनात कच्चे म्हणतो.

कच्चे म्हणजे नेमके काय, याविषयी 1988 चा एक जुना प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले आणि वाचलेला प्रसंग छोट्या मैदानावर लाकडी खेळाडू हलवून दाखवायला सांगितला. जी मुले वाचनचाचणीत मागे होती पण खेळ जाणत होती, त्यांनी तो प्रसंग चांगल्या वाचकांपेक्षाही चांगला मांडला, जेव्हा त्या चांगल्या वाचकांना खेळ ठाऊक नव्हता. मोट, नांगर, मळणी असे शब्द असलेला उतारा आणि सरकता जिना, भुयारी मार्ग असे शब्द असलेला उतारा लांबीने सारखे असले तरी दोन मुलांसाठी ते सारखे अवघड नसतात. त्या मुलीला मी विहिरीवरचा उतारा वाचायला दिला असता तर ती वर्गाच्या मागे राहिली नसती. मी तिला लिफ्टवरचा दिला होता, आणि तिच्या अडखळण्याचा दोष अक्षरांना लावला होता.

आता मी फळ्यावर रेघ ओढत नाही. खेडे-शहराचा पाठ मी विशेषणांपासून सुरू करण्याऐवजी शब्दयोगी अव्ययांपासून सुरू करते: पासून, पर्यंत, कडे, मधून, पलीकडे. शेतापासून बाजारापर्यंत धान्य कसे जाते, नळातले पाणी कुठून येते, रस्ता कुठे वळतो आणि कुठल्या ठिकाणी त्याचे नाव बदलते, अशी वाक्ये करायला सांगितली की मुलांना क्रियापदे शोधावी लागतात, आणि ‘असते’ तिथे बसतच नाही. जाते, येते, वळते, थांबते, उतरते. एका वाक्यात शेत आणि इमारत दोन्ही येऊ लागतात, कारण ‘पासून’ला ‘पर्यंत’ लागतेच. विशेषणे मी नंतर घेते, आणि मुलांनी स्वतः पाहिलेल्या एखाद्या वस्तूला लागतील तेवढीच घेते. ‘असते’ला मी वर्गातून हद्दपार केलेले नाही; तशी वाक्ये मुलांना लागतातच. फक्त ते वाक्य लिहिणाऱ्याने आधी चार ‘आहे’ लिहिलेले असावेत, एवढा आग्रह मी धरते.

यंदा मुलांना मी ‘काल रात्री मी काय ऐकले’ यावर चार वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाने लिहिले: ‘काल रात्री वरच्या घरात खुर्ची सरकली. मग नळ वाजला. मग कुत्रा भुंकला. मग शांत झाले.’ वाक्ये फळ्यावर उतरवून आम्ही क्रियापदांखाली रेघा मारल्या, आणि मग प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधू लागलो. खुर्ची, नळ, कुत्रा लगेच सापडले. चौथ्या वाक्याशी वर्ग थबकला आणि मागच्या बाकावरून एकीने विचारले, “बाई, कोण शांत झाले?”

“कुत्रा,” कोणीतरी म्हणाले. लगेच दुसऱ्याने खोडले, “कुत्रा असता तर ‘झाला’ आले असते.” मग रात्र सुचली, पण रात्रीला ‘झाली’ हवे होते. घर चालते, असे एकीचे म्हणणे पडले. ज्याने ती वाक्ये लिहिली होती, तो मान हलवत म्हणाला की घर आधीपासूनच शांत होते, आवाज बाहेरून येत होता. “मग सगळे,” असे पहिल्या बाकावरून आले, आणि सगळे म्हणजे नेमके काय काय, हे लिहून काढायला त्यांनी वह्या उघडल्या.